आधी हेल्मेट, मग स्केटबोर्ड

महाराष्ट्रातील बहुतेक घरांत ‘स्केटिंग’ म्हटले की चाके लावलेले बूट डोळ्यांसमोर येतात. स्केटबोर्ड हा त्याहून वेगळा प्रकार आहे आणि त्याचा वेगळेपणा पहिल्याच दिवशी समजून घ्यावा लागतो. स्केटच्या बुटात चाके पायाला बांधलेली असतात, तर स्केटबोर्डवर पाय नुसते ठेवलेले असतात. त्यामुळे तोल गेला की बोर्ड एका दिशेला सुटतो आणि शरीर दुसऱ्या दिशेला जाते. बोर्ड पायाखालून पुढे सटकला तर माणूस मागे पडतो आणि कंबर, कोपर किंवा डोक्याची मागची बाजू आपटते. चाकाखाली खडा येऊन बोर्ड जागच्या जागी थांबला तर माणूस पुढे फेकला जातो आणि तळहात सर्वांत आधी जमिनीला टेकतात. संरक्षक साहित्याची निवड या दोन प्रकारच्या पडण्यांचा विचार करूनच करायची असते.

माझी भाची अकरा वर्षांची असताना तिने बोर्ड घेतला. हेल्मेट घेतले होते आणि ती ते घालतही असे. मनगटाला बांधायचे रिस्ट गार्ड मात्र ‘बोटे नीट हलत नाहीत’ म्हणून पिशवीतच राहिले. नवव्या दिवशी सोसायटीच्या वाहनतळात, ताशी चार-पाच किलोमीटरपेक्षा अधिक वेग नसताना, चाकाखाली बारीक खडी आली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. उंच रॅम्पवरून, म्हणजे खेळासाठी बांधलेल्या उतारावरून, उडी मारताना अपघात होतात, सपाट जागेवर काय व्हायचे आहे, अशी माझी समजूत त्या दिवशी मोडली. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जखमींची पाहणी करून दोन गोष्टी फार पूर्वीच नोंदवून ठेवल्या आहेत: दुखापत झालेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जण बोर्डवर चढून आठवडाही न झालेले असतात, आणि पडून झालेल्या दुखापतींपैकी निम्म्याहून अधिक खडबडीत जमिनीमुळे होतात. म्हणजे पूर्ण साहित्याची सर्वांत अधिक गरज नवशिक्याला, तीही पहिल्या दिवसापासून असते.

वयाचा प्रश्न पालक नेहमी विचारतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला मला योग्य वाटतो: पाच वर्षांखालील मुलांना बोर्ड देऊ नये आणि सहा ते दहा वर्षांच्या मुलांसोबत मोठे माणूस जवळ उभे असावे. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते, तोल सावरण्याचा वेग कमी असतो आणि वेगाचा अंदाजही अजून आलेला नसतो.

हेल्मेट

हेल्मेटचे काम कवटी कडक वस्तूने झाकणे एवढेच आहे असा अनेकांचा समज असतो. खरे काम आतला फेस करतो. डोके जमिनीवर आदळून ज्या क्षणार्धात थांबते तो क्षण हा फेस स्वतः दबून थोडा लांबवतो आणि त्यामुळे कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. हे लक्षात घेतले की कोणते हेल्मेट घ्यावे याचा गोंधळ बराचसा मिटतो.

सायकलच्या बहुतेक हेल्मेटांत आत जो पांढरा किंवा काळा फेस असतो तो आपल्या ओळखीच्या थर्माकोलचाच अधिक घट्ट प्रकार असतो. तो एका जोराच्या आघातात चिरडला जातो आणि पुन्हा फुगत नाही. सायकलस्वार क्वचित पण वेगात पडतो, म्हणून त्याच्यासाठी ही रचना योग्य आहे. स्केटबोर्ड शिकणारा माणूस एका संध्याकाळी वीस वेळा पडतो. त्याला दबून पुन्हा मूळ आकारात येणारा फेस अधिक उपयोगी पडतो, आणि मागे पडण्याचे प्रमाण जास्त असल्यामुळे डोक्याचा मागचा भाग खालपर्यंत झाकला जाणेही आवश्यक असते. अमेरिकेतील ‘एएसटीएम एफ १४९२’ हे मानक खास स्केटबोर्डच्या हेल्मेटांसाठी आहे आणि त्यात एकाच जागी वारंवार बसणाऱ्या आघातांची चाचणी होते. त्याच देशातील ‘सीपीएससी’ मानक सायकलसाठी असून त्यात एका मोठ्या आघाताचा विचार आहे. युरोपातील ‘ईएन १०७८’ हे मानक सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट या तिन्हींना लागू होते. पहिली दोन्ही मानके एकत्र पाळणारे हेल्मेट मिळाले तर ते निःशंक घ्यावे. तसे न मिळाल्यास ‘ईएन १०७८’चे लेबल असलेले घ्यावे, मात्र जोराचा मार बसल्यावर ते बदलावे लागेल हे गृहीत धरावे. लेबल हेल्मेटच्या आतल्या बाजूस चिकटवलेले असते. नुसता गोल, स्केटबोर्डच्या हेल्मेटसारखा आकार पाहून खरेदी करू नये, कारण तशा दिसणाऱ्या पण कोणत्याही चाचणीतून न गेलेल्या टोप्या बाजारात भरपूर आहेत.

आपल्याकडे घरात दुचाकीचे हेल्मेट असतेच, तेव्हा तेच घालून मुलाला पाठवावे असा विचार काही पालक करतात. हेतू चांगला असला तरी ते योग्य नाही. आयएसआय चिन्हाचे दुचाकीचे हेल्मेट रस्त्यावरील वाहनाच्या वेगासाठी बनवलेले असते. त्याचे वजन लहान मानेला पेलत नाही, त्याने कान झाकले जातात आणि खाली पायांकडे पाहताना दृष्टी अडते. स्केटबोर्डवर मागून येणाऱ्या चाकांचा आवाज ऐकू येणे हीसुद्धा सुरक्षाच आहे.

मापासाठी शिवणकामाची टेप घ्यावी आणि भुवयांच्या साधारण एक सेंटिमीटर वरून, कानांच्या वरच्या बाजूने, डोक्याच्या मागील फुगीर भागावरून फिरवून घेर मोजावा. हेल्मेटवर माप सेंटिमीटरमध्येच छापलेले असते. ‘मूल वाढते आहे’ म्हणून एक माप मोठे घेण्याची आपली सवय चपलांच्या बाबतीत चालून जाते, हेल्मेटच्या बाबतीत ती घातक आहे. हेल्मेट डोक्यावर आडवे बसले पाहिजे आणि त्याची पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर आली पाहिजे. मागे सरकवून कपाळ उघडे ठेवल्यास पुढे पडताना त्याचा उपयोग होत नाही. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या पाळीखाली एकत्र येऊन इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचा आकार झाला पाहिजे. हनुवटीखालच्या पट्ट्यात फार तर दोन बोटे शिरावीत. त्यानंतर मोठी जांभई देऊन पाहावी: तोंड पूर्ण उघडताना हेल्मेट किंचित खाली ओढले गेल्याचे जाणवले तर पट्टा बरोबर आहे. शेवटी पट्टा न लावता डोके खाली करून हलवावे. हेल्मेट तरीही टिकून राहिले तर माप बरोबर आहे असे समजावे. मुलींनी आणि लांब केस राखणाऱ्या मुलांनी उंच अंबाडा बांधू नये आणि डोक्यावर मोठे चाप लावू नयेत, कारण त्यामुळे हेल्मेट वर उचलले जाते. मानेपाशी सैल वेणी ठीक असते.

हेल्मेट घालायला आढेवेढे घेणाऱ्या मुलांना मी स्काय ब्राउनची हकिकत सांगते. ही ब्रिटनकडून खेळणारी खेळाडू २०२० मध्ये, अकरा वर्षांची असताना, सरावात रॅम्पवरून खाली कोसळली. तिच्या कवटीला अनेक ठिकाणी तडे गेले, डावे मनगट आणि हात मोडले. हेल्मेटमुळेच ती वाचली असे तिच्या वडिलांनी सांगितले. पुढच्या वर्षी तिने टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले आणि २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा एकदा. पॅरिसमध्ये अठरा वर्षांखालील खेळाडूंना हेल्मेट सक्तीचे होते. तेथे महिलांच्या स्ट्रीट, म्हणजे पायऱ्या-कठड्यांवर खेळायच्या, प्रकारात सुवर्णपदक जिंकणारी जपानची कोको योशिझावा चौदा वर्षांची होती, आणि हेल्मेट घालूनच ती जगातील सर्वोत्तम ठरली.

मनगट, गुडघे, कोपर

पुढे पडताना हात आपोआप समोर जातात. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, ती नुसत्या उपदेशाने थांबत नाही. ताठ हातावर शरीराचा सगळा भार आला की तळहात मागे दुमडला जातो आणि मनगटाजवळचे हाड मोडते. रिस्ट गार्डमध्ये तळहाताच्या बाजूला कडक प्लास्टिकची बाकदार पट्टी असते. ती दोन कामे करते: मनगट मागे दुमडण्याला अडवते, आणि खरखरीत जमिनीवर रुतण्याऐवजी घसरून आघाताची दिशा बदलते. ही पट्टी तळव्याच्या बाजूलाच येईल असे पाहावे. घाईत मुले डावा-उजवा बदलून घालतात आणि मग पट्टी भलत्याच जागी येते. वेल्क्रो इतका घट्ट असावा की गार्ड हातावर फिरणार नाही, पण बोटांना मुंग्या येणार नाहीत. रॅम्पवर खेळणारे काही अनुभवी खेळाडू रिस्ट गार्ड वापरत नाहीत हे खरे आहे, कारण हवेत बोर्ड हाताने पकडताना ते अडथळा करते आणि त्यांना गुडघ्यांवर घसरून उतरण्याचा सराव झालेला असतो. तो सराव नसलेल्याने त्यांचे अनुकरण करू नये.

गुडघ्याच्या पॅडचे दोन प्रकार दिसतात. पातळ, कापडी, मोज्यासारखे चढवायचे पॅड व्हॉलीबॉलसाठी ठीक असतात; स्केटबोर्डसाठी पुढे कडक प्लास्टिकची वाटी असलेलेच पॅड घ्यावेत. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात अशा वाट्यांचे पॅड वापरात आले तेव्हा खेळाची पद्धतच बदलली. उभ्या भिंतीसारख्या रॅम्पवर चूक झाली की खेळाडू मुद्दाम गुडघ्यांवर बसून खाली घसरत येऊ लागले आणि पूर्वी हाड मोडणारी चूक पुन्हा प्रयत्न करण्याजोगी झाली. ही युक्ती शिकताना पॅड खाली सरकता कामा नये. म्हणून दुकानात पॅड चढवून दोन-चार वेळा उकिडवे बसावे, उठावे आणि हाताने खाली ओढून पाहावे. सैल पॅड नसल्यातच जमा असतो.

कोपराच्या पॅडलाही हाच नियम लागू आहे. मुलांना कंबरेचा आणि माकडहाडाचा मार वारंवार बसत असेल तर आतून फेस लावलेली अर्धी चड्डी मिळते, ती जीन्सच्या आत घालावी. दातांना पट्ट्या लावलेल्या मुलांनी दंतवैद्याला विचारून माउथगार्ड वापरावा.

आपल्या हवेत घामाचा प्रश्न वेगळा लिहावा लागतो. पॅड वापरल्यावर पिशवीत कोंबून ठेवले तर त्यांना वास येतो, बुरशी धरते आणि त्वचेवर चट्टे उठतात. मग मुले ते घालायचे टाळतात. घरी आल्याबरोबर पॅड आणि हेल्मेटचे अस्तर सावलीत वाऱ्यावर टाकावे, आठवड्यातून एकदा साध्या साबणाने हाताने धुवावे, आणि फेस ठिसूळ होऊ नये म्हणून कडक उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवू नये. पॅडच्या आत पातळ सुती मोजा किंवा बाही घातली तर घासत नाही.

बूट आणि बोर्ड

बुटांचा तळ सपाट आणि पातळ असावा. धावण्याच्या बुटांचा जाड, टाचेकडे उंच झालेला तळ बोर्डवर डगमगतो आणि बोर्ड पायाखाली कसा वळतो आहे हे कळू देत नाही. शाळेतील साधे कॅनव्हासचे बूटही सुरुवातीला चालतात, परंतु बोर्डवरील ग्रिपटेप म्हणजे जवळजवळ पॉलिशपेपरच असल्यामुळे ते लवकर फाटतात. स्वेडचे, म्हणजे लवदार चामड्याचे, बूट अधिक टिकतात. नाड्यांची टोके आत खोचून ठेवावीत. चप्पल, सॅन्डल किंवा अनवाणी पाय घेऊन बोर्डवर कधीही चढू नये.

खेळण्यांच्या दुकानात मिळणारे कार्टूनची चित्रे असलेले बोर्ड हे माझ्या मते हेल्मेट नसण्याइतकेच धोकादायक आहेत. त्यांचे ट्रक, म्हणजे चाके धरून ठेवणारा आडवा सांगाडा, प्लास्टिकचा असतो, चाकेही कडक प्लास्टिकची असतात आणि एकदा ढकलल्यावर जेमतेम चार फूट जाऊन ती अडकतात. चांगल्या बोर्डचा डेक, म्हणजे उभे राहायची फळी, मेपल लाकडाच्या सात थरांचा, ट्रक धातूचे आणि चाके युरेथेन या चिवट, लवचिक प्लास्टिकची असतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी अमेरिकेत युरेथेनची चाके आणली, त्यापूर्वी लोक धातूच्या आणि मातीच्या मिश्रणाच्या चाकांवर खेळत आणि लहानसा खडाही त्यांना उलथवत असे. चाकांच्या कडकपणाचा आकडा ‘ए’ अक्षरासह छापलेला असतो. गुळगुळीत सिमेंटच्या स्केटपार्कसाठी सुमारे ५२ मिलिमीटर व्यासाची, ९९ए कडकपणाची चाके योग्य असतात. पण सोसायटीच्या रस्त्यावर किंवा फरशीच्या जोडांवरून जायचे असेल तर ५६ ते ६० मिलिमीटरची, ७८ए ते ८७एच्या दरम्यानची मऊ चाके लावावीत. ती खडीवरून पार होतात. आपल्याकडच्या नवशिक्यांना बहुधा दुसरीच हवी असतात.

बोर्डवर चढण्यापूर्वी रोज एक मिनिट तपासणीला द्यावे. चारही चाके हाताने फिरवून पाहावीत. चाकाच्या बाहेरचे नट सैल नाहीत ना आणि ट्रकच्या मधला मोठा बोल्ट शाबूत आहे ना, हे पाहावे. डेकवर तडा गेला असेल किंवा त्याच्या कडेला लाकडाची टोकदार चिरफळी उठली असेल तर त्या दिवशी खेळू नये.

कोठे शिकावे

शिकायला सपाट, कोरडी, झाडून घेतलेली आणि वाहनांपासून पूर्ण तुटक जागा हवी. मी सोबत नेहमी एक लहान केरसुणी ठेवते आणि खेळण्यापूर्वी दहा-पंधरा मीटरचा पट्टा झाडून घेते. सार्वजनिक रस्ता कितीही मोकळा दिसला तरी तो टाळावा. खड्डे आणि गतिरोधक तर दिसतात. ड्रेनेजच्या झाकणाभोवतीची फट, ठिबकलेले ऑइल आणि झाडाखाली पडलेली शेंग मात्र दिसत नाहीत. भटकी कुत्री चाकांच्या आवाजाने पाठलाग करतात. तसे झाल्यास वेग वाढवू नये. बोर्डवरून उतरून तो हातात घ्यावा आणि शांतपणे चालत जावे, म्हणजे बहुतेक वेळा कुत्री मागे फिरतात. कानात इअरफोन नसावेत. कोणत्याही वाहनाला धरून बोर्डवर जाणे हा प्राणघातक प्रकार आहे आणि त्यावर घरात एकदाच, स्पष्ट बोलून घ्यावे.

पावसाळ्यात ओल्या जमिनीवर खेळू नये. चाके घसरतात, बेअरिंगला गंज धरतो आणि लाकडाचे थर पाणी पिऊन सुटू लागतात. जून ते सप्टेंबर या काळात छपराखालची जागा मिळाली तर तेथे, अन्यथा घरात गालिच्यावर बोर्ड ठेवून उभे राहण्याचा आणि तोल सांभाळण्याचा सराव करावा.

पडायला शिकणे

कोणतेही साहित्य पडणाऱ्याला पडता येत नसेल तर अर्धेच काम करते, आणि हे मात्र कोणी शिकवत नाही. पहिला अख्खा दिवस बोर्ड बाजूला ठेवून पडण्याचा सराव करावा असे मी आग्रहाने सांगते. गवतावर किंवा गादीवर गुडघे वाकवून उभे राहावे, एका बाजूला झुकावे, कोपर वाकलेले ठेवावे, हनुवटी छातीकडे घ्यावी आणि खांदा व पाठीच्या मांसल भागावरून गोल लोळावे. कुस्ती किंवा ज्युदोच्या आखाड्यात गेलेल्या मुलांना ही लोळण आधीच येते आणि बोर्डवर त्यांचा फायदा स्पष्ट दिसतो. पुढे पडताना हात ताठ करण्याऐवजी आधी गुडघ्यांचे पॅड, मग कोपर आणि शेवटी रिस्ट गार्डची पट्टी असा क्रम शरीराला शिकवावा. कमी वेगात सर्वांत चांगला उपाय म्हणजे बोर्ड सोडून देऊन दोन-तीन पावले धावत पुढे जाणे. सुटलेला बोर्ड वाचवण्यासाठी त्याच्यावर पाय देण्याचा प्रयत्न करू नये.

त्यानंतर बोर्ड गवतावर ठेवून त्यावर उभे राहावे, म्हणजे चाके फिरत नाहीत. कोणता पाय पुढे ठेवावा हे ठरवण्यासाठी कोणीतरी मागून हलका धक्का द्यावा. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे येतो तो बहुधा बोर्डवरही पुढे असतो. मग सपाट जमिनीवर एका पायाने ढकलणे आणि तोच पाय जमिनीवर घासून थांबणे शिकावे. थांबता येत नाही तोवर उतारावर जाऊ नये. नुसत्या ढकलण्या-थांबण्याला दोन आठवडे लागले तरी ते कमी नाहीत.

दुखापत झाल्यावर

खरचटलेली जागा वाहत्या स्वच्छ पाण्याने, आतली माती निघेपर्यंत धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेतल्याची नोंद पाहावी. मनगट किंवा घोटा सुजला, वाकडा दिसला किंवा दाबल्यावर हाडावरच दुखले तर तेल लावून चोळू नये आणि मालिश करणाऱ्याकडे नेऊ नये. पुठ्ठा किंवा जाड मासिक आधाराला बांधून हात स्थिर करावा आणि एक्स-रे काढावा. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची चकती असते. तिला इजा झाली आणि ती वेळेवर लक्षात आली नाही, तर हाड पुढे वाकडे वाढू शकते. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गोंधळ, झापड, वाढती डोकेदुखी, झटके किंवा क्षणभर का होईना शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल ‘काही झाले नाही’ म्हणत असले तरी डोके जोराने आपटले असेल तर त्या दिवशी पुन्हा बोर्डवर जाऊ देऊ नये.

स्केटपार्कवरची रीत आणि आपल्याकडील घडामोडी

स्केटबोर्डच्या इतिहासात एका देशाने भीतीपोटी हा खेळच बंद केला होता. नॉर्वेने १९७८ ते १९८९ या काळात स्केटबोर्डच्या विक्रीवर, आयातीवर आणि वापरावर बंदी घातली. कारण अर्थातच मुलांच्या दुखापती हे होते. मुले तरीही लपूनछपून जंगलात रॅम्प बांधून खेळत राहिली, म्हणजे मोठ्यांच्या नजरेपासून आणि मदतीपासून आणखी दूर गेली. आपल्याकडील सोसायट्यांत स्केटबोर्डला बंदी घालण्याचे ठराव होतात तेव्हा मला ही गोष्ट आठवते. वाहनतळाचा एक कोपरा आणि ठरलेला एक तास दिला तर मुले कुठे आणि कशी खेळतात हे दिसत राहते.

मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर सार्वजनिक स्केटपार्क आहे. देशातील अनेक स्केटपार्क हे खेळाडूंनी स्वतः सिमेंट कालवून बांधलेले आहेत. बंगळूरच्या होलीस्टोक्ड या गटाचे त्यात मोठे काम आहे. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार या गावी उलरिके राइनहार्ड यांनी २०१५ मध्ये स्केटपार्क उभा केला आणि दोनच नियम ठेवले: शाळा बुडवली तर स्केटबोर्ड नाही, आणि मुलींना आधी संधी. त्या गावातील आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधील नानजिंग येथे जागतिक स्पर्धेत उतरली. राजस्थानात उदयपूरजवळच्या खेमपूर गावात एका चित्रपटासाठी बांधलेला स्केटपार्क चित्रीकरणानंतर गावातील मुलांसाठी ठेवण्यात आला. आणि आपल्या अगदी जवळचे उदाहरण म्हणजे पुण्याची श्रद्धा गायकवाड, जिने २०२२ मध्ये गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्रासाठी स्केटबोर्डचे सुवर्णपदक मिळवले. मूल स्पर्धेकडे वळले तर राष्ट्रीय स्पर्धा भारतीय रोलर स्केटिंग महासंघ भरवतो, तेव्हा नोंदणीची चौकशी त्याच्या राज्य आणि जिल्हा संघटनांकडे करावी.

स्केटपार्कवर पहिल्यांदा जाताना सकाळची वेळ निवडावी. संध्याकाळी अनुभवी मुलांची गर्दी असते. आधी दहा मिनिटे कडेला उभे राहून कोण कोठून सुटतो आणि कोठे थांबतो ते पाहावे. तेथे रांग दिसत नसली तरी ती असते: एकाची फेरी संपली की दुसरा निघतो, आणि मध्येच घुसणे हा तेथील सर्वांत मोठा अपराध मानला जातो, कारण टकरी त्यामुळेच होतात. रॅम्पच्या पायथ्याशी किंवा लोक घसरत जातात त्या कठड्यावर बसू नये. आपला बोर्ड सुटून दुसऱ्याच्या दिशेने गेला तर मोठ्याने ‘बोर्ड!’ असे ओरडावे. उलट कोणी अवघड प्रयत्न साधला की सगळे आपापले बोर्ड जमिनीवर आपटतात, ती तेथील टाळी आहे. नवख्या पालकांना तो आवाज भांडणाचा वाटतो, म्हणून सांगितले. दादा किंवा ताई म्हणून कोणालाही शंका विचारावी. सुटणारा नट, सैल पट्टा किंवा चुकीचा पाय त्यांना लांबूनच दिसतो, आणि माझ्या भाचीचे रिस्ट गार्ड उलटे घातले आहे हे मला नव्हे, तर तेथील एका कॉलेजच्या मुलाला दिसले होते.

दर वर्षी २१ जूनला जगभर ‘गो स्केटबोर्डिंग डे’ साजरा होतो. आपल्याकडे नेमका तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो, म्हणून त्या दिवशी बाहेर जमणे जमले नाही तरी छपराखाली दुरुस्तीचा मेळावा भरवता येतो, आणि आम्ही गेली काही वर्षे तसेच करतो. बेअरिंग काढून धुतली जातात, ग्रिपटेप बदलली जाते, आणि लहान झालेले पॅड व बूट पुढच्या मुलांना दिले जातात. हेल्मेट मात्र आम्ही त्या ढिगात घेत नाही. फेस आतून चिरडला गेला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून ते फक्त त्याच घरातील धाकट्या भावंडाला द्यावे, आणि तेही त्याला जोराचा मार बसलेला नाही याची मोठ्या भावंडाने खात्री दिल्यावरच. ज्या हेल्मेटला तडा गेला आहे त्याचे पट्टे कात्रीने कापून मगच ते कचऱ्यात टाकावे, म्हणजे दुसरे कोणी उचलून वापरणार नाही.